कात टाकलेल्या मैनेचं ताट

गोरक्षअण्णा शिरसाठांनी आयुष्यात माणसांशी कधी वैर धरलं नाही. जे काही वैर होतं ते सगळं झुरळांशी.

नाटक कंपनीत त्यांच्याकडे कपडेपट होता. राजाच्या जरीच्या अंगरख्यापासून मोलकरणीच्या ठिगळाच्या लुगड्यापर्यंत जे जे अंगावर चढायचं, ते ते अण्णांच्या ट्रंकांमध्ये राहायचं. आज मनमाड, उद्या मालेगाव, परवा थेट विदर्भात कुठेतरी. बस थांबली की नट मंडळी चहाच्या टपरीकडे पळायची आणि अण्णा ट्रंकांची झाकणं उघडून आत नाक घालायचे. झुरळाचा वास त्यांना लांबून कळायचा. एकदा, फक्त एकदाच, तो कळला नाही. भर दरबाराच्या प्रवेशात महाराजांच्या मुकुटातून एक गलेलठ्ठ झुरळ बाहेर आलं आणि कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत सावकाश चालत गेलं. प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. अण्णा विंगेत उभे होते, त्यांना धरणी दुभंगली तर बरं असं झालं होतं. त्या दिवसापासून डांबरगोळ्या, कडुनिंबाचा पाला आणि पायातली चप्पल, या तीन शस्त्रांनी त्यांनी झुरळांच्या किती पिढ्या संपवल्या याला गणती नाही. कंपनी बंद पडली, ट्रंका गेल्या, पण अण्णांच्या सदऱ्याला डांबरगोळ्यांचा वास आहे तो आहेच.

अशा माणसाच्या सिडकोतल्या घरात सून आली ती जिवंत झुरळांचा डबा घेऊन.

फसगत अशी झाली. पूजा मूळची पेठ गावची. अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासायच्या कामावर होती. मुलगी बघायच्या कार्यक्रमात कांदेपोहे झाल्यावर तिने सरळ सांगितलं की माझ्याबरोबर माझा एक प्राणीही येईल, तो चालणार असेल तरच पुढचं बोलू. सगळ्यांना वाटलं मांजर. अण्णांना पोरीचा हा सडेतोडपणा इतका आवडला की मुलाने, म्हणजे योगेशने, तोंड उघडायच्या आत ते म्हणून गेले, "येऊ दे की. घर तिचंही आहे." लग्नानंतर चार दिवसांनी काचेची पेटी आली. पेटीत कोळीण होती. टॅरँटुला म्हणतात तिला. तळहाताएवढी, काळपट, अंगभर केसाळ. न्हाव्याच्या दुकानातला केर गोळा करून कुणी त्याला आठ पाय लावावेत, तशी. तिचं नाव मैना. आणि मैनाबाईंना खायला म्हणून, अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये गाजराच्या चकत्यांवर पोसलेली, खास वाढवलेली झुरळं.

पेटी पाहिल्यावर अण्णा मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. पण शब्द देऊन बसले होते. कपडेपटात आलेल्या माणसाला एकच शिकवण असते, सोपवलेली वस्तू सोपवल्यासारखी परत द्यायची. कधी कुणाचा शेला त्यांच्या हातून फाटला नव्हता. मग शब्द कसा फाटू द्यायचा?

म्हणून मैना राहिली. अण्णांनी तिचं नाव मात्र कधी घेतलं नाही. 'तुमची ती' म्हणायचे. जेवताना पेटीकडे पाठ करून बसायचे. समोरच्या वत्सलाबाई रोज संध्याकाळी चहाला यायच्या, त्यांचं येणं बंद झालं. आता त्या कैरीचं लोणचंसुद्धा उंबऱ्याबाहेर ठेवून बेल वाजवून पळतात. योगेशचं तर विचारूच नका. तो मनमाडला रेल्वेत, तिथेच मित्राबरोबर खोली करून राहतो आणि सुटीला घरी येतो. पेटीचं झाकण उघडलं की हा गडी पलंगावर पाय वर घेऊन बसतो.

एका सकाळी भाजी निवडताना पूजाने अण्णांना आधीच्या कोळिणीची गोष्ट सांगितली. माहेरी असताना तिने अशीच एक पाळली होती. एक दिवस कॉलेजातून आली तर पेटी रिकामी. आई म्हणाली, आपोआप मेली गं. पूजाला खोलीत किडे मारायच्या फवाऱ्याचा वास येत होता, पण तिने आईला काही विचारलं नाही. "तेव्हापासून आईशी बोलते," ती म्हणाली, "पण काही सांगत नाही."

अण्णांनी निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. त्यांना ती पेटीतली बया मेलेली हवी होती का? अगदी खरं सांगायचं तर दिवसातून दोनदा हवी होती. पण या पोरीने उद्या आपल्यालाही काही सांगायचं बंद केलं, तर या घरात बोलायला उरेल कोण?

आणि नेमकी तीच वेळ आली. कारखान्याने पूजाला दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला चेन्नईला पाठवायचं ठरवलं. योगेशचा उपयोग नव्हता. उरले अण्णा. पूजाने जाताना फार काही सांगितलं नाही. मैना महिन्याभरापासून खात नाही, कात टाकायच्या आधी त्या असंच करतात, पण तिला अजून बराच वेळ आहे, ते मी आल्यावरच होईल. तुम्ही फक्त पाण्याची वाटी भरायची आणि पेटी उन्हात येऊ द्यायची नाही. झुरळांना गाजर घालायचं. गाजराचं ऐकून अण्णांनी कपाळाला हात लावला. शत्रूच्या छावणीला रसद पोचवायची, तीही स्वतःच्या हाताने. तरी ते हो म्हणाले. गाजराच्या चकत्या ते झाऱ्याच्या टोकावरून, श्वास रोखून, मान दुसरीकडे फिरवून टाकायचे. मग तो झारा उकळत्या पाण्यात, आणि हात कोपरापर्यंत साबणाने.

तिच्या हिशेबाच्या बऱ्याच आधी, ती गेल्याच्या तिसऱ्याच दुपारी, अण्णा पाण्याची वाटी भरायला गेले आणि पेटीशी थबकले. मैना उताणी पडली होती. आठही पाय वर.

पहिल्यांदा त्यांना हलकं वाटलं. सुटलो. पण लगेच पुढचा प्रश्न आला. आता पूजाला काय सांगायचं? मेली. कशाने? आपोआप. हे शब्द तोंडातून निघायच्या आधीच त्यांना स्वतःच्या कानाला कसे लागतील ते कळलं. जो म्हातारा पेटीकडे पाठ करून जेवतो, त्याच्या ताब्यात असताना ती आपोआप मेली, यावर कोण विश्वास ठेवणार? अण्णांनी स्वतःसुद्धा ठेवला नसता.

तेवढ्यात एक पाय हलला.

अण्णांनी खुर्ची ओढली. बसावंसं वाटत नव्हतं आणि उठवत नव्हतं. पुढे जे घडलं ते कुणाला जेवायच्या आधी सांगू नये. त्या बयेच्या पाठीचं झाकण कडेने उकललं, जशी जुन्या पेटीची कडी निखळावी तसं, आणि आतून दुसरीच एक बया बाहेर यायला लागली. फिकट, ओलसर, गिळगिळीत. एकेक पाय ती जुन्या पायातून हळूहळू उपसत होती. उपसायची, थांबायची, धापा टाकल्यासारखी सगळी हलायची, पुन्हा उपसायची.  अण्णांनी उपरणं तोंडाला लावलं. पण नजर काढता येईना, कारण हे त्यांनी पाहिलेलं होतं. हजारदा पाहिलं होतं. पाच अंक घामाने भिजलेली, अंगाला चिकटलेली जरीची चोळी नटीच्या दंडावरून अशीच उतरवावी लागायची. घाई केली की शिवण उसवायची. इंच इंच, श्वास सोड, थांब, आता दुसरा हात. मैनेला कुणी कपडेवाला नव्हता. एकटीच उतरवत होती.

संपलं तेव्हा बाजूला एक पोकळ मैना पडली होती, केसांसकट, नखांसकट, आणि तिच्याशेजारी खरी मैना पाय पसरून निपचित. उतरलेल्या अंगरख्याशेजारी थकलेला नट पडावा तशी. अण्णांनी घड्याळाकडे नाही, स्वयंपाकघराकडे पाहिलं.

इथे त्यांच्या हाडामांसाची सवय आडवी आली. कंपनीत त्यांचा एक नियम होता, कपडा उतरला की ताट. त्याला कारण घडलं होतं. मालेगावच्या प्रयोगाला सिंधुबाई म्हणून नटी होत्या. घट्ट चोळीत पोट दिसू नये म्हणून सकाळपासून चहावर होत्या. प्रयोग संपला, कपडे उतरवले, आणि मालक म्हणाले की पाहुण्यांबरोबर फोटो आहे, जेवण नंतर. सिंधुबाई विंगेतच कोसळल्या, कपाळाला खोक पडली. त्या दिवसापासून अण्णांनी मालकाला, पाहुण्यांना, कुणालाही जुमानलं नाही. एका हाताने शेवटचा कपडा घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने पिठलं-भाकरीचं ताट पुढे करायचं. गावोगावचे नट त्या ताटासाठी अण्णांना आजही दुवा देतात.

ही बया तर महिनाभर उपाशी होती.

तेव्हा अण्णांनी जे केलं ते किळस आवरून, निव्वळ भलेपणाने केलं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. त्यांनी स्वयंपाकघरातला पापड भाजायचा चिमटा घेतला, झुरळांचा डबा उघडला, आत सळसळलेल्या त्या तपकिरी गर्दीकडे पाहून दोनदा उबळ आली ती गिळली, त्यातलं चांगलं मोठं, भरलेलं झुरळ निवडलं, म्हणजे पाहुणचारात कमी पडायला नको, आणि मैनेच्या पुढ्यात सोडलं. चिमटा कचऱ्यात टाकला. हात धुतले. स्वतः जेवायला बसले, पण पहिल्या घासालाच ते उपसणारे पाय डोळ्यांपुढे आले आणि वरणभात तसाच झाकून ठेवावा लागला.

परत येऊन पाहतात तर मैना खात नव्हती. झुरळ खात होतं.

निदान तसं दिसत होतं. झुरळ तिच्या मागच्या पायाशी डोकं खुपसून होतं आणि ती, एरवी झुरळावर झडप घालणारी, अंग आखडून इंच इंच मागे सरकत होती. अण्णांनी पूजाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला, वर्गातून बाहेर येऊन, दबक्या आवाजात. अण्णांनी काही लपवलं नाही. कात टाकली, मी ताट वाढलं, आता ते झुरळच तिच्या मागे लागलंय.

 पूजा म्हणाली, "अण्णा, ते झुरळ काढा. आत्ताच्या आत्ता. तिचे दात अजून भिजलेल्या शेवयांसारखे आहेत. तिला चावता येत नाही, पळता येत नाही."

"चिमट्याने काढतो."

"चिमटा नको. तिला टोक लागलं तर ती फुटेल. हाताने काढा."

हाताने. अण्णांनी फोन खुर्चीवर ठेवला आणि बाही वर सारली. एवढ्यात झुरळाने वाऱ्यासारखी जागा बदलली आणि ते बाजूला पडलेल्या जुन्या कातीत शिरलं. पोकळ मैनेच्या पोटात झुरळ. आता ती कात हलायला लागली, पाय थरथरायला लागले, जणू मेलेलं पात्र पुन्हा प्रवेश घेतंय. अण्णांच्या अंगावर टाळूपासून टाचेपर्यंत काटा आला. पण हात आत गेला. बोटांनी ती केसाळ, कागदासारखी, आतून वळवळणारी कात धरली आणि उचलली. अर्ध्या वाटेत झुरळ बाहेर आलं, अंगठ्यावरून मनगटावर, मनगटावरून बाहीत.

झटका दिला असता तर कोपर खाली जाऊन मैनेवर आपटलं असतं. अण्णांनी झटका दिला नाही. दरबाराच्या प्रवेशात त्या महाराजांनी जे केलं होतं तेच केलं, चेहरा तसाच ठेवून उभे राहिले. हात सरळ वर काढला, झाकण लावलं, कात पेपरवर ठेवली, आणि काखेपर्यंत पोचलेलं झुरळ घेऊन सावकाश पावलांनी गॅलरीत गेले. तिथे जाऊन मात्र त्यांनी सदरा असा फाडून काढला की एक बटण समोरच्या इमारतीच्या पत्र्यावर वाजलं. वत्सलाबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांनी पडदा ओढून घेतला.

मैनेच्या मागच्या पायावर पाण्यासारखा निळसर थेंब दिसत होता, ते तिचं रक्त. पूजाने फोनवरून सांगितलं तसं अण्णांनी कॉर्नफ्लोअरचा डबा शोधला, कान साफ करायच्या काडीच्या कापसावर चिमूटभर पीठ घेतलं आणि त्या जखमेवर टेकवलं. नटाच्या घामावर पावडर टेकवावी इतक्या अलगद, पण दात ओठांत रोवून. थेंब पुन्हा आला. पुन्हा पीठ. तिसऱ्या खेपेला थांबला. अण्णा मोरीत गेले आणि पोटात जे नव्हतं तेही बाहेर काढून आले.

संध्याकाळी योगेशचा फोन आला. पूजाकडून त्याला कळलं होतं. तो हसत होता. "काय अण्णा, शेवटी काटा काढायला निघालात ना? आधी सांगायचं, मी पण हात लावला असता."

अण्णांनी फोन ठेवून दिला. हसत म्हटलं म्हणून काय झालं, म्हटलं तर खरं. पूजाच्याही मनात हेच असेल तर? ती फोनवर चिडली नव्हती. पण आईवरही ती चिडली नव्हतीच.

पुढचे दिवस अण्णांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्या कातीच्या केसांनी मनगटावर पुरळ उठलं, रात्रंदिवस खाज. पूजाने एकच निकष सांगितला होता. दात आधी पांढरे, मग लालसर, मग काळे कुळकुळीत. काळे झाल्यावरही थोडे दिवस थांबायचं, मग खायला. तोवर फक्त पाणी. म्हणजे रोज सकाळी दात पाहायचे. आणि दात दिसायचे ते ती काचेवर चढली की, खालून. अण्णा देवपूजा आटोपून, मोबाइलचा दिवा लावून, गुडघ्यांवर बसून त्या काचेला नाक लावायचे. पोटाकडची ती बाजू, मधले ते दोन नांगीसारखे दात, सभोवार लालसर लव. बघायचं आणि उठून चूळ भरायची. योगेश सुटीला आला तेव्हा त्याने वडिलांना या अवस्थेत पाहिलं आणि पुन्हा थट्टा केली नाही. पांढरे. पांढरे. जरा गुलाबी. मग एके दिवशी डाळिंबी. अण्णा फोनवर तेवढाच एक शब्द सांगायचे आणि पूजा तिकडून "बरं" म्हणायची. त्या "बरं"मध्ये काय आहे ते त्यांना कळत नव्हतं.

ती परत आली त्या दिवशी दात काळे होऊन थोडे दिवस झाले होते. पूजाने बॅग दारातच टाकली आणि पेटीपाशी बसली. मैनेच्या मागच्या पायावर एक खरखरीत डाग होता, बाकी ती नव्या कोऱ्या मखमलीसारखी होती. पूजा पेटीवर वाकून तिचा एकेक पाय तपासत राहिली. अण्णांना ते सहन होईना. त्यांनी स्वतःच विषय काढला. म्हणाले की मला ती आवडत नाही, आजही नाही, तिच्याकडे बघून अन्न जात नाही, पण ते झुरळ मी तिला मारायला नव्हतं टाकलं. भूक लागली असेल म्हणून टाकलं. योगेशला काय वाटायचं ते वाटो.

"माहीत आहे," पूजा म्हणाली.

"कसं माहीत?"

"मारायचं असतं तर तुम्ही फोन कशाला केला असता? आईने नाही केला." ती पेटीकडेच बघत होती. "आणि माझ्याच लक्षात यायला हवं होतं. कात आधीच टाकली तर लगेच खायला घालायचं नाही, हे मी सांगितलंच नाही. वाटलं, एवढं सगळं सांगितलं तर तुम्ही नाहीच म्हणाल."

"म्हटलंच असतं," अण्णा म्हणाले.

मग पूजाने चेन्नईची हकिकत सांगायला सुरुवात केली. तिथलं जेवण, खोलीतल्या बाईचं घोरणं, एका साहेबाशी झालेलं भांडण जे तिने अजून योगेशलाही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिने डबा उघडला, एक झुरळ उचललं आणि पेटीत सोडलं. अण्णा विसरून गेले की पाठ करायची असते. मैनेने झडप घातली. कुरकुरीत पापड दाताखाली यावा तसा बारीक आवाज आला, नंतर काहीतरी पिळल्यासारखा.

अण्णा मोरीत जाऊन आले. तोंड पुसत पुन्हा खुर्चीवर बसले, या वेळी पेटीकडे पाठ करून.

"हं," ते म्हणाले, "मग साहेब काय म्हणाला?"